सोळा तिकिटांत मावलेला भारत

श्रोतेहो, नमस्कार.

वास्तूंची टपाल तिकिटं जमवायची म्हटलं, की बहुतेक जण ताजमहालाच्या मागे लागतात आणि देशोदेशीचे किल्ले, मनोरे, चर्च यांचा ढीग घरात साठतो. ढीग म्हणजे संग्रह नव्हे. आधी एकच मालिका हाती धरावी, आणि त्यासाठी १५ ऑगस्ट १९४९ ला निघालेल्या पुरातत्त्व मालिकेइतकी चांगली दुसरी नाही. छपाई आपल्या नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसची. वास्तूंची तिकिटं तिथे त्याआधीही छापली होती: १९३१ साली नवी दिल्लीच्या उद्घाटनाची सहा, आणि १९३५ च्या संचात अर्ध्या आण्यावर आपलं गेटवे ऑफ इंडिया.

१९४९ ची तिकिटं सोळा. खालच्या पाच किमतींवर शिल्पं आहेत: तीन पैवर अजिंठा, सहा पैवर कोणार्कचा घोडा, नऊ पैवर घारापुरीची त्रिमूर्ती, एका आण्यावर बोधिसत्त्व, दोन आण्यांवर नटराज. तीन आण्यांपासून वास्तू सुरू होतात. सांचीचं तोरण, साडेतीन आण्यांवर बोधगया, मग भुवनेश्वर, विजापूरचा गोल घुमट, खजुराहोचं कंदारिया महादेव, बारा आण्यांवर सुवर्णमंदिर. रुपयावर चितोडचा विजयस्तंभ, दोनवर लाल किल्ला, पाचवर ताज, दहावर कुतुबमिनार आणि पंधरावर पालिताण्याचं शत्रुंजय.

आता एक आण्याचं तिकीट भिंगाखाली धरा. बोधिसत्त्वाचा पसरलेला हात कोणता? डावा असेल तर ते १९४९ चं. चित्र चक्क उलटं छापलं गेलं होतं, आरशात दिसावं तसं. चूक ध्यानात आल्यावर जुलै १९५० मध्ये उजव्या हाताचं तिकीट आलं. म्हणजे संच सोळाचा असला तरी अल्बममध्ये घरं सतरा ठेवायची. विक्रेत्यांच्या पाकिटांत ही दोन्ही सर्रास एकत्र पडलेली असतात.

बारा आण्यांपर्यंतची वापरलेली तिकिटं सहज मिळतात. खिसा हलका होतो तो दहा आणि पंधरा रुपयांना. एवढ्या किमतीची तिकिटं साध्या पत्राला कोण लावणार? त्यामुळे त्यांच्यावर तारखात्याचे किंवा पार्सलचे जाड शिक्के असतात. मनोरा शिक्क्याखाली झाकला गेला असेल, तर स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. कडेचे दात मोजून पाहावेत. कोपऱ्यातला एक दात तुटका असला तरी किंमत घसरते.

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका, कागदाचा पापुद्रा निघतो आणि तिकीट पातळ पडतं. भोवती बोटभर कागद ठेवून कापा आणि कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं सोडा. डिंक सुटला की तिकीट आपसूक सरकतं. सरकलं नाही तर आणखी थांबा. लाल किंवा खाकी पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात भिजवा, नाहीतर त्यांचा रंग बाकीच्या तिकिटांना लागतो. मग चिमट्याने उचलून टिपकागदावर पालथं वाळवा आणि जाड पुस्तकात रात्रभर दाबा. न वापरलेल्या, डिंक शाबूत असलेल्या तिकिटाला मात्र पाणी लावायचंच नाही.

अल्बममध्ये फेविकॉल, सेलोटेप यांना थारा देऊ नका. वापरलेल्या तिकिटाला हिंज, म्हणजे डिंक लावलेली दुमडती कागदी पट्टी, चालतं. त्याच्या दुमडीचा लहान भाग तिकिटाला, मोठा पानाला, आणि ओलावा नावापुरताच. कोऱ्याला पारदर्शक माउंट, म्हणजे तिकीट सरकवून ठेवायची खोळ, लागतो. कोकणात, मुंबईत, गोव्यात खरा शत्रू पावसाळा. दमट हवेत डिंक पाघळून तिकीट पानाला चिकटतं, कागदावर तपकिरी ठिपके उठतात, आणि ते एका तिकिटावरून शेजारच्यावर जातात. अल्बम एकावर एक न रचता उभे ठेवा, कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि कोरडं ऊन पडलं की सावलीत पानं उघडून हवा द्या. ठिपक्यांचं तिकीट दिसलं, की ते त्याच दिवशी वेगळ्या पाकिटात काढायचं, मग ते पंधरा रुपयांचं शत्रुंजय का असेना.