इंग्रजी वाक्यातला स्वल्पविराम

मित्रहो, इंग्रजीतल्या कॉमाला आपण शाळेत ‘स्वल्पविराम’ म्हणायला शिकलो आणि माझ्या मते घोटाळ्याची सुरुवात तिथेच झाली. विराम म्हणजे थांबणे; साहजिकच वाचताना जिथे दम घ्यावासा वाटतो तिथे हे चिन्ह द्यायचे, अशी आपली समजूत होऊन बसते. मराठीत ती बरीचशी खपूनही जाते. मोडीत लिहिणाऱ्या आपल्या पूर्वजांचे या चिन्हांवाचून काही अडत नव्हते. ती मराठीत रुळली १९व्या शतकात, मेजर थॉमस कँडी यांच्या खटपटीने, आणि आली ती इंग्रजीतूनच. चिन्हे आली, पण त्यांच्यामागचे इंग्रजी व्याकरण आले नाही. येण्याचे कारणही नव्हते.

‘पाऊस थांबला, मुले बाहेर पडली’ हे मराठीत निर्दोष वाक्य आहे. हेच ‘द रेन स्टॉप्ड, द चिल्ड्रन वेंट आउट’ असे लिहिले, तर परीक्षक त्याखाली लाल रेघ ओढतो, कारण दोन स्वतंत्र वाक्ये जोडण्याचे बळ एकट्या इंग्रजी कॉमात नाही. तिथे अर्धविराम तरी हवा, नाहीतर कॉमाच्या जोडीला ‘अँड’सारखे अव्यय. ‘ते म्हणाले, की’ या आपल्या सवयीने ‘ही सेड’ आणि ‘दॅट’ यांच्यामध्ये शिरणारा कॉमाही उपराच. तो सरळ खोडावा.

खरी गंमत ‘हू’पाशी आहे. ‘माय ब्रदर हू लिव्ज इन नागपूर इज अ डॉक्टर’ हे वाक्य कॉमांशिवाय लिहिले, तर मला एकाहून अधिक भाऊ असून त्यांपैकी नागपूरचा डॉक्टर आहे, असा अर्थ निघतो. ‘माय ब्रदर, हू लिव्ज इन नागपूर, इज अ डॉक्टर’ असे लिहिले, की भाऊ एकच उरतो आणि नागपूर ही केवळ जाता जाता दिलेली माहिती ठरते. (दोन टिंबांनी भावांची संख्या बदलावी, हे वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीत किती महागात पडेल, याची कल्पना करा.) आपण हाच भेद ‘माझा जो भाऊ नागपुरात राहतो, तो’ अशा जो-तो रचनेने दाखवतो, म्हणून चिन्हाकडे आपले लक्ष जात नाही. हे कॉमे कंसासारखे जोडीने येतात. पहिला देऊन दुसरा विसरणे ही आपल्याकडची नेहमीची चूक.

आता पैशाची गोष्ट. अमेरिकेतल्या मेन राज्यात ओकहर्स्ट डेअरीच्या ट्रकचालकांनी जादा कामाच्या वेतनासाठी दावा लावला. ज्या कामांना असे वेतन लागू नाही, त्यांची यादी कायद्यात होती आणि तिच्या शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन ऑफ’ असे शब्द होते. ‘ऑर’च्या आधी कॉमा नव्हता. कंपनीचे म्हणणे, वितरण हे यादीतले वेगळे काम आहे. चालकांचे म्हणणे, उल्लेख फक्त पाठवणीसाठी किंवा वितरणासाठी माल बांधण्याचा आहे, आणि आम्ही माल बांधत नाही, पोचवतो. यादीतली बाकीची कामे ‘कॅनिंग’, ‘प्रोसेसिंग’ अशी ‘इंग’ने संपतात, ‘डिस्ट्रिब्यूशन’ मात्र तसे नाही, हाही मुद्दा त्यांच्या बाजूने होता. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने कायद्याचा मजकूर संदिग्ध ठरवला आणि अशा संदिग्धतेचा लाभ कामगारांना देऊन खालच्या न्यायालयाचा कंपनीच्या बाजूचा निकाल फिरवला. पुढच्या वर्षी कंपनीने ५० लाख डॉलरवर तडजोड केली.

यादीतल्या शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’च्या आधीच्या या चिन्हाला ‘ऑक्सफर्ड कॉमा’ म्हणतात. तो द्यावा की नाही, यावर इंग्रजी लिहिणाऱ्यांतच एकमत नाही. ‘आंबे, फणस आणि काजू’ लिहिणाऱ्या आपल्या हाताला तो खटकतोच. माझे मत असे, की एरवी तुमच्या सवयीप्रमाणे चाला, पण करारात आणि नियमावलीत तो अवश्य द्या. मेनच्या विधिमंडळाने तर त्या निकालानंतर कलमच नव्याने लिहिले आणि यादीतले प्रत्येक काम अर्धविरामाने वेगळे केले.