काम्पाकु न झालेला काम्पाकु

श्रोतेहो, नमस्कार.

फुजिवारा नो मिचिनागा हा हजारेक वर्षांपूर्वीचा, जपानी सम्राटाच्या दरबारातल्या फुजिवारा घराण्याचा उमराव. त्याच्या रोजनिशीला जपानमध्ये ‘मिदो काम्पाकु-की’ म्हणतात, म्हणजे मिदोच्या, बुद्धमंदिराच्या, काम्पाकुची नोंदवही. हे नाव पुढच्या लोकांनी ठेवलं, आणि ते चुकीचं आहे. मिचिनागा काम्पाकु कधी झालाच नाही.

सम्राट लहान असला की त्याच्या वतीने कारभार बघतो तो सेश्शो, आणि जाणत्या सम्राटाच्या शेजारी बसून सल्ला देतो तो काम्पाकु. मिचिनागा सेश्शो झाला 1016 मध्ये, पन्नाशीला टेकल्यावर, आणि पुढच्याच वर्षी ते पद थोरल्या मुलाला, योरिमिचीला, देऊन मोकळा झाला. दरबार मात्र त्याआधीची वीस वर्षं त्याच्याच मुठीत होता.

995 साली त्याचे दोन्ही सख्खे वडीलभाऊ पाठोपाठ वारले. मधला मिचिकाने काम्पाकु होऊन जेमतेम काही दिवस झाले होते. पुतण्या कोरेचिका हुद्द्याने काकाच्या वर होता, पण सम्राट इचिजोची आई सेनशी ही मिचिनागाची सख्खी बहीण. तिने भावाचं पारडं जड केलं आणि मिचिनागाला ‘नाइरान’ मिळालं: सम्राटाकडे जाणारे कागद आधी आपण वाचायचे. पुढच्या वर्षी कोरेचिकाच्या माणसांनी निवृत्त सम्राट काझानवर बाण सोडला. कोरेचिकाला राजधानीबाहेर घालवलं गेलं आणि त्याच वर्षी मिचिनागा डावा मंत्री झाला.

त्याने काम्पाकुपद का घेतलं नाही, याचं उत्तर इथे आहे. काम्पाकु मंत्र्यांच्या बैठकीत बसत नसे. तिथलं मुख्य आसन डाव्या मंत्र्याचं. म्हणजे बैठकीत ठराव घडवणारा मिचिनागा, आणि कागद वर जाताना वाचणाराही तोच. काम्पाकु झाला असता तर मान वाढला असता, बैठक हातची गेली असती.

पण हे सगळं टिकायचं तर पुढचा सम्राट आपला नातू हवा. त्या काळी उमरावांच्या घरात मुलं आजोळी वाढत, सम्राटाची राणीही बाळंतपणाला माहेरी येई. त्यामुळे गादीवर बसणाऱ्या पोराला वडिलांपेक्षा आईच्या वडिलांची सवय जास्त. मिचिनागाने थोरली लेक शोशी बाराव्या वर्षी, 999 मध्ये, राजवाड्यात पाठवली. अडचण अशी की इचिजोचा जीव होता कोरेचिकाच्या बहिणीवर, तेइशीवर, आणि तिला त्याच वर्षी मुलगा झाला. 1000 साली मिचिनागाने शोशीलाही सम्राज्ञी करवलं. एका सम्राटाला एकाच वेळी दोन सम्राज्ञी, हे तोवर कधी झालं नव्हतं. तेइशी त्याच वर्षाअखेरीस बाळंतपणात गेली. तरी शोशीला मुलगा व्हायला 1008 उजाडलं. नऊ वर्षं हा माणूस वाट बघत होता. त्या बाळंतपणाच्या वेळी शोशीच्या पदरी असलेल्या मुरासाकी शिकिबुने लिहून ठेवलंय, की नातवाने अंगावर शू केली तेव्हा आजोबा ओला झगा शेकोटीवर वाळवत होते, आणि खूश होते.

तोच नातू 1016 मध्ये गो-इचिजो म्हणून गादीवर बसला, जेमतेम सात वर्षं पूर्ण झालेला. त्यासाठी आधीच्या सम्राट सान्जोची दृष्टी जात चाललीय, हे कारण पुढे करून मिचिनागाने त्याला राजत्यागासाठी पार भंडावून सोडलं होतं. 1018 मध्ये आणखी एक लेक, इशी, या नातवाची सम्राज्ञी झाली. मावशीच ती, आठ-नऊ वर्षांनी मोठी. आता आजी सम्राटमाता शोशी, सम्राटमाता म्हणजे सान्जोची राणी केन्शी, आणि सम्राज्ञी इशी, तिन्ही पदांवर एकाच बापाच्या लेकी. दहाव्या महिन्याच्या 16व्या रात्रीच्या मेजवानीत त्याने कविता म्हटली: हे जग माझंच वाटतं, पौर्णिमेच्या चंद्रासारखं, कुठे काही उणं नाही.

गंमत बघा. त्या दिवसाच्या नोंदीत मिचिनागा एवढंच लिहितो, की मी कविता म्हटली आणि सगळ्यांनी ती गायली. शब्द उरले ते सानेसुके नावाच्या खडूस दरबाऱ्याच्या रोजनिशीत. त्याने उत्तरादाखल कविता करायचं खुबीने टाळलं आणि सगळ्यांनी मिळून हीच म्हणूया असं सुचवलं होतं.

मिचिनागाची वही साधी आहे. शुभाशुभ दिवस दाखवणारं पंचांग, दर दिवसामागे दोन कोऱ्या ओळी. जागा संपली की पाठीमागे. त्याच्या हातच्या 14 गुंडाळ्या क्योतोच्या योमेइ संग्रहालयात आहेत. अक्षरं खोडलेली, वर गिरवलेली, व्याकरण धेडगुजरी. एका गुंडाळीवर शेराच आहे: हे कोणाला दाखवू नये, लवकर फाडून टाकावं.

1019 मध्ये त्याने मुंडन करून दीक्षा घेतली आणि होजोजी मंदिर उभारलं. सतत तहान लागण्याचा विकार होता, आजचे वैद्य त्याला मधुमेह म्हणतात. 1028च्या जानेवारीत तो त्याच मंदिरात, अमिदा बुद्धाच्या 9 मूर्तींच्या दालनात वारला.

योरिमिचीने पन्नासेक वर्षं पद सांभाळलं, पण त्याच्या लेकींना गादीचा वारस झाला नाही. 1068 मध्ये गो-सान्जो सम्राट झाला. फुजिवारा आजोबा नसलेला सम्राट जवळपास 170 वर्षांनी येत होता. त्याची आई सान्जो सम्राटाची मुलगी, मिचिनागाच्या दुसऱ्या लेकीच्या, केन्शीच्या पोटची. 1013 मध्ये ही नात जन्मली तेव्हा मुलगा नाही म्हणून मिचिनागाचं तोंड उतरलं होतं. सानेसुकेने तेही टिपून ठेवलंय.