आबाजींचा मार्च महिना

कामठीला जिचं रेजिमेंटल सेंटर आहे, ती लष्कराची गार्ड्स रेजिमेंट. आबाजी तिच्यात रंगरूट म्हणून आले आणि पुढे सुभेदार होऊन पेन्शनवर गेले.

डिसेंबर 1971, बांगलादेशचं युद्ध. आगरतळ्यापलीकडे, सीमेपारच्या गंगासागरच्या दलदलीत आबाजी मॉर्टरवर, म्हणजे उखळी तोफेवर होते. नळी, बायपॉड म्हणजे दोन पायांचा टेकू, आणि नळीखालची बेस प्लेट, तिन्ही भाग पाठीवर वाहायचे. चिखलात खरा त्रास बेस प्लेटचा. दर गोळ्यागणिक ती रुतते, नळीचा कोन बदलतो, गोळा भलतीकडे पडतो. म्हणून साइटचा, म्हणजे नेम धरायच्या यंत्राचा, बुडबुडा सारखा मध्ये आणत राहायचा. लढाईबद्दल ते एवढंच सांगत. ‘पूर्वी स्टार’ या त्या युद्धाच्या पदकाचं विचारलं की विषय बदलत. मेडलं मात्र ब्रासोनं घासू देत नसत. कडेवर कोरलेला नंबर आणि नाव झिजतं ना!

घरच्यांना आठवतात ते मार्चमधले आबाजी. नागपूरचा मे 45 अंशांवर जातो, म्हणून कूलर रामनवमीआधी तयार हवा, हा हुकूम. टाकी खरवडायची, गंज असेल तिथे डांबर लावायचं. तिन्ही ताट्यांत नवा वाळा भरायचा. गच्च कोंबला तर हवा अडते, विरळ ठेवला तर खाली बसतो. वरच्या पन्हळीची भोकं क्षारानं बुजतात. ती सायकलच्या स्पोकनं एकेक मोकळी करायची, नाहीतर ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि तिथून लूच आत येते. आधी पंप, वाळा भिजला की मग पंखा. समोरची खिडकी उघडी, नाहीतर घर नुसतं दमट.

पाणी भरणाऱ्या नातवाला दरवेळी एकच प्रश्न: "प्लग काढला का बे?" पत्र्याच्या कूलरला करंट उतरतो, अर्थिंगवर भरवसा नाही. आठवड्यातून एकदा टाकी रिकामी, आणि कडाही घासायच्या. डेंग्यूच्या डासाची अंडी कडेला चिकटून असतात, पाणी ओतून देऊन जात नाहीत.

कागदांचंही तसंच. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आजीचं नाव एक, आधारवर दुसरं. अशा फरकानं फॅमिली पेन्शन अडकते, आणि माणूस गेल्यावर निस्तरणं जड जातं. आबाजींनी हयातीतच प्रतिज्ञापत्र केलं, रेकॉर्ड ऑफिसातून दुरुस्ती करून घेतली. पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, डिस्चार्ज बुक, जोडीचा फोटो, बँकेचं पासबुक, सगळं एका फाइलीत. फाइल कुठे आहे ते आजीला आणि दोन्ही सुनांना ठाऊक होतं; मुलांना सांगितलं तर ते विसरतात, असं आबाजींचं मत.