ग्लायडिंग सोडून इंजिनाकडे जाताय? मग आधी हे ऐका

नमस्कार मंडळी!

हडपसरच्या ग्लायडिंगवरचा व्हिडिओ टाकल्यापासून खाली तेच तेच प्रश्न येताहेत. "ताई, ग्लायडिंग झालं, आता पॉवरला, म्हणजे इंजिनाच्या विमानाकडे, जाऊ का?" "मॅडम, ग्लायडर उडवल्याचा पुढे काही उपयोग होतो का?" आणि एका मुलीने लिहिलंय, "मी सीपीएलला, म्हणजे व्यावसायिक पायलटच्या लायसन्सला, चाललेय, पण ग्रुपमध्ये सांगायला तोंडच उघडत नाहीये." मी आज बसलेय ती या तिसरीसाठी. पहिल्या दोघांचं पटकन उरकते.

ग्लायडरला इंजिन नसतं, ते तुम्हाला माहीत आहेच. विंचने, म्हणजे केबल गुंडाळणाऱ्या जमिनीवरच्या यंत्राने, ओढून वर न्यायचं, केबल सोडायची, थर्मल, म्हणजे वर चढणारी गरम हवा, मिळालं तर घारींच्या सोबतीनं गोल गोल वर चढायचं, नाही मिळालं तर सर्किट, म्हणजे मैदानाभोवती फेरी, मारून खाली. पुण्यात हे सगळं हडपसरला, ग्लायडिंग सेंटरवर. बेसिक झालं, पुढे चला.

उपयोग होतो का? होतो, आणि सगळ्यात आधी पायांना होतो. ग्लायडरचे पंख लांब. एएसके-२१ घ्या, जगभरच्या क्लबांत शिकवायला हेच असतं. त्याचे पंख १७ मीटर, आणि सेस्ना १७२ या इंजिनाच्या छोट्या विमानाचे ११. एवढे लांब पंख कलवायला स्टिक दिली की नाक आधी उलट्या बाजूला पळतं. कॅनॉपीवर, म्हणजे डोक्यावरच्या पारदर्शक झाकणावर, बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो, तो लगेच तिरका होऊन तुमची चहाडी करतो. मग पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचं नाक वळवणारं पातं, द्यावाच लागतो, आणि पायांना ती सवय कायमची लागते. पॉवरला गेलात की टेकऑफच्या वेळी नाक डावीकडे ओढलं जातं, तेव्हा तुमचा उजवा पाय न सांगता पुढे जातो.

हातांचंही तसंच. ग्लायडरमध्ये डाव्या हाताला एअरब्रेकचा, म्हणजे पंखांवरच्या ब्रेकचा, निळा दांडा. मागे ओढला की खाली. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, तोही मागे ओढला की खालीच. दिशा तीच, फक्त हात बदलतो, कारण सेस्नाच्या डाव्या सीटवर थ्रॉटल उजव्या हातात येतो. अवघड जातं ते गो-अराउंड. ग्लायडरवाल्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की उतरायला एकच संधी आहे. अप्रोच बिघडला तर पूर्ण पॉवर देऊन पुन्हा वर जाता येतं, हे पटायला वेळ लागतो. लागू दे.

आता ती कमेंट. "ग्लायडर म्हणजे खेळणं, खरा पायलट इंजिन चालवतो." दादा, २३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं बोइंग ७६७, उंची ४१ हजार फूट. किलो आणि पौंडाच्या घोळामुळे इंधन कमी भरलेलं, वाटेतच संपलं आणि दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन मुळात ग्लायडर उडवणारे. त्यांनी ते जेट गिम्ली नावाच्या जुन्या हवाई दलाच्या तळावर आणलं. समोर धावपट्टी, आणि उंची जास्त. तेव्हा त्यांनी साइडस्लिप केली. स्टिक एका बाजूला, रडर दुसऱ्या बाजूला, विमान तिरकं करून उंची घालवायची. ग्लायडिंगमध्ये हे आपण शिकतो, प्रवासी जेटमध्ये असं कोणी करत नाही. आतले सगळेच्या सगळे ६९ जण वाचले. खेळण्याचं एवढं पुरे.

पण हा किस्सा सांगताना मला धास्ती वाटते. हे ऐकून लोक म्हणतात, "म्हणजे ग्लायडिंग ही चांगली पायरी आहे." पायरी! पायरीवर पाय देऊन माणूस पुढे जातो आणि मागे वळून बघत नाही. ग्लायडिंगमध्ये तुम्ही पाय देता तो माणसांच्या कष्टांवर. आज मला याच्यावर बोलायचंय.

ग्लायडरला पोटाखाली मधोमध चाक. म्हणून ते उभं असताना एक पंख जमिनीला टेकलेला असतो. लाँचच्या आधी कोणीतरी तो पंख उचलून आडवा धरतं आणि सुरुवातीची चार पावलं सोबत पळतं. व्हिडिओत बघणाऱ्याला वाटतं, हे सगळ्यात सोपं काम, नवीन पोराला दिलंय. तसं नाही हो! पंख धरणाऱ्याची नजर आधी वर आणि मागे जायला हवी, कोणी उतरायला येतंय का बघायला. मग कॅनॉपीकडे, नीट बंद आहे का. एअरब्रेक आत आहेत का. केबल सरळ आहे का, कोणाच्या पायात तर नाही ना. यातलं काहीही खटकलं तर हात सरळ वर करून "थांब" म्हणायचा हक्क त्याला आहे. तो पहिल्या दिवशी आलेला सोळा वर्षांचा मुलगा असो आणि आत बसलेले इन्स्ट्रक्टर असोत, त्याने थांब म्हटलं की लाँच थांबतो. कोणी रागवत नाही. मी तर बघितलंय, आतून इन्स्ट्रक्टर अंगठा दाखवून "शाब्बास" म्हणतात.

हीच गोष्ट आता विंचवरून बघा. विंच असते मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. विंचवरच्या काकांना ग्लायडर इवलंसं दिसतं. पायलटचा चेहरा दिसत नाही, पंख मात्र दिसतो. तो उचलला गेला, खालून हात हलला, की काका केबलची ढील काढणार. डोक्यावरून हात हलला की पूर्ण जोर. म्हणजे काका विश्वास ठेवतात तो पायलटवर नाही, पंख धरणाऱ्यावर. त्या मुलाने बघितल्यासारखं करून नुसताच हात हलवला, तर काकांना ते कळायचं कसं?

आणि आता आत बसून बघा. पट्टे आवळलेले, उजव्या हातात स्टिक, डावा हात पिवळ्या रिलीजच्या नॉबवर. तो तिथून काढायचा नाही, कारण विंचचा लाँच तीन-चार सेकंदांत शंभरच्या वेगाला नेतो. त्या धावेत पंख खाली जाऊन गवतात अडकला तर ग्लायडर पंखावर कोलांटी खातं. ग्लायडिंगमधल्या सगळ्यात वाईट अपघातांपैकी हा एक. म्हणून पंख सावरत नाहीये असं दिसताक्षणी, तो टेकायच्या आधीच नॉब ओढायचा. पण तुमची पाळी येण्याआधी ते काम दुसऱ्या कोणाच्या तरी तळहातात असतं. पंखाच्या टोकाला कोण उभं आहे ते मी प्रत्येक वेळी मान वळवून बघायची. माझी मैत्रीण असेल तर खांदे आपोआप सैल पडायचे. ती पंख दाबून धरायची नाही, दोन बोटांवर तोलायची, आणि ग्लायडर पळायला लागलं की हात कधी सुटला ते कळायचंही नाही. तिच्यावर माझा जो विश्वास आहे तो तिथे तयार झाला. आम्ही काही मनं मोकळी करत बसलो नव्हतो. एप्रिलच्या उन्हात ग्लायडर ढकलत होतो. रिकामं एएसके-२१ सुद्धा ३६० किलोचं. ते एकट्याने परत लाँच पॉइंटला आणून दाखवा.

म्हणून मला एका गोष्टीचा मनापासून राग येतो. स्वतःचं फ्लाइट झालं की बॅग उचलून निघून जाणारी माणसं. "मला जरा काम आहे." अरे, तुझा पंख धरला त्याला काम नव्हतं? केबल आणायला गेला त्याला? सावलीत बसून वेळा लिहीत होती तिला? एक माणूस वर जायला खाली पाच-सहा जण राबतात. तुम्ही उडून गायब झालात की तुमच्या नंतरच्याचा लाँच उशिरा होतो, थर्मल ओसरायला लागतात, आणि दिवसातला शेवटचा मुलगा न उडताच घरी जातो. तो बहुतेक वेळा सगळ्यात नवीन असतो आणि सकाळपासून सगळ्यांचे पंख त्यानेच धरलेले असतात.

एका दर्शकांनी लिहिलंय की त्यांचे वडील रोहिणीवर शिकले. काय भारी वाटलं वाचून! रोहिणी हे आपल्या नागरी विमान वाहतूक खात्यात डिझाइन झालेलं ग्लायडर, पहिलं उड्डाण १९६१ चं. खात्याची ग्लायडरं नक्षत्रांच्या नावांची, अश्विनी, भरणी, रोहिणी, मृगशीर. रोहिणीत शिकणारा आणि शिकवणारा शेजारी शेजारी, खांद्याला खांदा लावून बसायचे. काका, वडिलांचे त्या वेळचे फोटो असतील तर नक्की पाठवा. आणि त्यात विंचजवळ कोण कोण उभं आहे, त्यांची नावं आठवताहेत का, तेही वडिलांना विचारा.

आता पॉवर. मी स्वतः तिकडे गेलेय, आणि इंजिन मला मनापासून आवडतं. वारा पडला म्हणून घरी जावं लागत नाही, मनात येईल त्या दिशेला जाता येतं, आणि नोकरी हवी असेल तर हाच रस्ता आहे. पण रोजचा दिवस वेगळा असतो. सकाळी जाता, विमानाभोवती फिरून तपासणी करता, तेल बघता, इंधनात पाणी नाही ना बघता, आणि चावी फिरवून निघता. पंख धरायला कोणी नसतं, कारण विमान तीन चाकांवर आपलं आपण उभं असतं. सीपीएलसाठी २०० तास लागतात, आणि त्यातला मोठा भाग तुम्ही एकट्याने उडता. तिथेही चांगली माणसं भेटतात, मला भेटली. पण एकाला उडवायला बाकीच्यांनी ऊन खायचं, ही वेळ तिथे येतच नाही. पहिल्या आठवड्यात उतरून मी सवयीने मागे वळले, कोण ढकलायला येतंय बघायला. कोणी येणार नव्हतं, गरजच नव्हती.

तर ज्या मुलीने विचारलंय, तिच्यासाठी. बाळा, सांग त्यांना. उघड सांग, आणि हँगरमध्ये ग्लायडरं आत लावताना सांग, फोनवर नको. निरोप न घेता यायचं बंद करणारे खूप असतात, आणि ग्रुपला लागतं ते हेच. तू इंजिनाकडे जातेयस याचं कोणालाही वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दोन कामसू हात एकाएकी कमी झाल्याचं, आणि कारणही न कळल्याचं. विंच शिकली असशील तर जायच्या आधी दुसऱ्या कोणाला तरी तिथे बसायला तयार कर. सुट्टीत पुण्याला आलीस की मैदानावर जा, पण "मला एक फ्लाइट द्या" म्हणत नको. टोपी घालून जा, आणि दिवसभर पंख धर.

आणि मैत्री टिकते का, असंही तू पुढे विचारलंयस. एक खरी गोष्ट सांगते. १९७० मध्ये अमेरिकेत वॉली स्कॉट आणि बेन ग्रीन हे दोघे टेक्सासमधल्या ओडेसाहून निघाले, वेगवेगळ्या ग्लायडरमध्ये, दोघांकडेही एएसडब्ल्यू-१२. तेव्हाच्या विश्वविक्रमाच्या पलीकडे गेले, दिवस मावळायला आला. एकाने आणखी थोडं ताणलं असतं तर विक्रम एकट्याच्या नावावर. दोघे नेब्रास्कातल्या कोलंबसला एकत्र उतरले, ११५० किलोमीटरच्या वर, आणि विक्रम दोघांच्या नावावर लागला. इंजिन नसलेल्या दोन विमानांनी! आणि तिथून ग्लायडर परत आणायचं म्हणजे कोणीतरी ट्रेलर जोडून तेवढा रस्ता गाडी चालवत यायला हवं. उतरणाऱ्याला ते माहीत असतं, म्हणून तो आधी आपल्या माणसांना फोन लावतो.

माझी ती मैत्रीण अजून ग्लायडिंगच करते. परवाच आमचं भांडण झालं, फ्लेअर, म्हणजे टेकायच्या जरा आधी नाक वर उचलणं, किती उंचीवर सुरू करायचा यावरून. ती म्हणते मी सेस्नामुळे उंचावर फ्लेअर करायला लागलेय. मला मान्य नाही. पुढच्या व्हिडिओत तिलाच घेऊन येते, मॉडेल हातात देऊन साइडस्लिपही तिच्याकडूनच करून घेऊ. तुमचे फ्लेअरचे आणि स्लिपचे प्रश्न खाली लिहून ठेवा. आणि तू, सीपीएलवाली, ग्रुपला सांगितलंस की मला कळव. ते काय म्हणाले, ते मला खरंच ऐकायचंय.