शेमा कोणत्या भाषेत म्हणावा?

(मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित)

मंडळाच्या सगळ्या मंडळींना नमस्कार आणि शालोम.

कार्यवाहांनी फोनवर मला सरळ विचारलं, "तुम्ही रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, व्हायला शिकताय, म्हणजे दिवसभर नेमकं काय करता?" मी शिकायला लागले त्याला पाच वर्षं झाली. हा प्रश्न मराठीत कुणी विचारण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून इथे येऊन बोलायला मी तिथल्या तिथे हो म्हटलं. पण उत्तर आजीपासून सुरू करावं लागेल.

माझी आजी रेवदंड्याची, लग्न होऊन ठाण्याला आली. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. कोकणात आमच्या लोकांना शनिवार तेली म्हणायचे, कारण आमचा घाणा शनिवारी बंद असायचा. नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, अशी आमच्यात पिढ्यान्पिढ्या सांगत आलेली कथा आहे. पोथ्यापुस्तकं समुद्रात गेली. उरलं ते शनिवार पाळणं, सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम आणि एक प्रार्थना, शेमा. पुढे बाहेरून शिक्षक येईपर्यंत आमच्याकडे जन्माला, लग्नाला, मयताला म्हणायला तेवढीच होती.

आजी रोज रात्री अंथरुणावर बसून उजवा हात डोळ्यांवर ठेवायची आणि म्हणायची, "शेमा यिस्राएल, अदोनाय एलोहेनू, अदोनाय एहाद." मग हात तसाच ठेवून मराठीत, "हे इस्राएला ऐक, परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे." मी सात-आठ वर्षांची असेन. विचारलं, "आजी, दोनदा कशाला?" ती म्हणाली, "त्याला कळतं गं. मला नको का कळायला?"

हे वाक्य मी पार विसरून गेले होते.

आमच्या अभ्यासाचं पहिलं वर्ष यरुशलेममध्ये गेलं. सकाळभर हिब्रू. हिब्रूत बहुतेक शब्द तीन व्यंजनांच्या धातूपासून निघतात. शेमाचा धातू शीन, मेम, आयिन, म्हणजे ऐकणं. त्यातला आयिन घशातून यायला हवा. आपल्या बाराखडीत त्याला अक्षरच नाही, मी कित्येक आठवडे आरशासमोर उभी राहून तो गिरवला. याच धातूपासून 'मिश्माअत' म्हणजे शिस्त आणि 'मश्माऊत' म्हणजे अर्थ. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना शिक्षक समजावून सांगत होते, की शेमा म्हणजे नुसतं कानांनी ऐकणं नाही, त्यात समजणं आलं आणि मानणंही आलं. मला समजावून सांगावं लागलं नाही. "पोरगं अजिबात ऐकत नाही" असं आपण म्हणतो तेव्हा त्याच्या कानात काही बिघाड आहे असं आपल्याला थोडंच म्हणायचं असतं! त्या दिवशी मराठी मला त्या वर्गात पहिल्यांदा उपयोगी पडली.

दुसऱ्या वर्षापासून तालमूद, म्हणजे धर्मनियमांवरच्या चर्चांचा आमचा मोठा ग्रंथ. त्याचं पान एकदा बघण्यासारखं असतं. मधोमध ठळक मजकूर, आधी मिश्ना, म्हणजे जुन्या नियमांचं संकलन, आणि तिच्याखाली त्यावरची चर्चा, म्हणजे गेमारा. एका बाजूला राशीचं भाष्य. हे अकराव्या शतकातले फ्रान्समधले पंडित. दुसऱ्या बाजूला त्यांच्या नातवांच्या आणि शिष्यांच्या परंपरेतलं तोसाफोत, आणि ते राशीशीच वाद घालतं. गेमारा बव्हंशी आरामी भाषेत, स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत. प्रश्न कुठे संपला, उत्तर कुठे सुरू झालं, हे वाचणाऱ्यानंच ठरवायचं. बॅबिलोनी तालमूदाची अशी 2,711 पानं आहेत आणि प्रत्येक पानाला दोन बाजू. रोज एक पान वाचलं तरी साडेसात वर्षं लागतात. जगभर हजारो लोक 1923 पासून तसं वाचत आले आहेत. आम्हाला सुरुवातीला एका पानाला तीन दिवस लागायचे.

आणि हे एकट्यानं वाचायचं नसतं. प्रत्येकाला एक जोडीदार असतो, त्या जोडीला हेव्रूता म्हणतात. मोठ्या आवाजात वाचायचं, अर्थ लावायचा, दुसऱ्यानं तो खोडायचा. एका दालनात अशा वीस जोड्या एकाच वेळी भांडत असतात. ग्रंथालयात कुजबुजायची सवय असलेल्या माणसाला पहिल्या दिवशी बाजारात आल्यासारखं वाटतं. माझी जोडीदार तीन वर्षं तीच आहे, आणि "बरोबर आहे" हे शब्द तिच्या तोंडून मी फार थोड्या वेळा ऐकलेत.

यामागे तालमुदातलीच एक गोष्ट आहे. रब्बी योहानान यांचा जोडीदार रेश लाकिश वारला. दुःखात बुडालेल्या रब्बींना दुसरा जोडीदार दिला, चांगला विद्वान होता. रब्बी काहीही बोलले की तो म्हणायचा, "तुमच्या म्हणण्याला आधार आहे." रब्बी योहानान अखेर कळवळून म्हणाले, "तू लाकिशच्या मुलासारखा, त्या रेश लाकिशसारखा आहेस का? मी काही बोललो की तो चोवीस आक्षेप घ्यायचा, मी चोवीस उत्तरं द्यायचो, आणि विषय आपोआप रुंद व्हायचा." मला ही गोष्ट फार जवळची वाटते. आपल्याला खोडून काढणारं माणूस गेलं की पोरकेपण येतं, हे या लोकांनी ओळखलं होतं.

आता ज्या पानासाठी मी आज उभी आहे त्याकडे येते.

मिश्ना जिथे सुरू होते ते पहिलंच वाक्य शेमाबद्दल आहे, "संध्याकाळी शेमा कधीपासून म्हणावा?" म्हणजे कोकणात पुस्तकांशिवाय आमच्या लोकांनी जी प्रार्थना धरून ठेवली, तिच्यापासूनच हा सगळा ग्रंथसागर सुरू होतो. बेराखोत या पहिल्या खंडाच्या तेराव्या पानावर प्रश्न येतो, शेमा कोणत्या भाषेत म्हणावा? मिश्नेचे संकलक रब्बी येहूदा हनासी, ज्यांना नुसतं 'रब्बी' म्हणतात, ते सांगतात, जसा लिहिलाय तसाच, हिब्रूत. इतर विद्वान म्हणतात, कोणत्याही भाषेत.

गेमारा लगेच विचारते, कशावरून? रब्बी दाखवतात शेमातला 'वेहायू' हा शब्द, 'ही वचनं असोत', म्हणजे जशी आहेत तशीच असोत. विद्वान पहिल्याच शब्दावर बोट ठेवतात, 'शेमा'. ऐक. म्हणजे जी भाषा तू ऐकतोस, जी तुला समजते, त्या कोणत्याही भाषेत. मग गेमारा दोन्ही बाजूंना उलटतपासणीला उभं करते. रब्बींनाही 'शेमा' हा शब्द दिसत होताच, त्याचं त्यांनी काय केलं? ते म्हणतील, तोंडानं जे उच्चारतोस ते तुझ्या कानाला ऐकू जाऊ दे, एवढंच त्यातून घ्यायचं. आणि विद्वानांनी 'वेहायू'चं काय केलं? वचनं उलट्या क्रमानं म्हणू नयेत, एवढंच.

"कोणत्याही भाषेत" हे शब्द वाचले आणि मी थांबले. आजीचं वाक्य तेव्हा आठवलं. "मला नको का कळायला?" आजी कधी तालमुदाच्या जवळपास गेली नव्हती. तिला हा वाद माहीत असायचं कारणच नव्हतं.

खरं सांगायचं तर तोवर माझ्या मनात एक लाज होती. आमच्याकडे पूर्वी तालमूद नव्हता, आमच्या समाजात परंपरेनं रब्बी नव्हते, आम्ही उशिरा शिकलो, असं वर्गात कुणी सहज म्हणालं तरी मी मान खाली घालायचे. इस्राएलमध्ये गेलेल्या आमच्या लोकांना तर लग्नाच्या वेळी आपलं ज्यूपण सिद्ध करा म्हणून सांगितलं गेलं होतं. त्याविरुद्ध त्यांनी निदर्शनं केली, आणि 1964 साली सरकारनं ते सर्व बाबतींत ज्यूच आहेत असं जाहीर केलं. ती जखम घराघरांत आहे. पण इथे या पानावर माझ्या आजीच्या मराठीला जागा होती.

मग मी शोधतच सुटले. मिश्नेच्या सोटा या खंडात यादी आहे, कोणत्याही भाषेत म्हणता येईल अशा गोष्टींची. तिच्यात शेमा आहे, उभ्यानं करायची मुख्य प्रार्थना आहे, जेवणानंतरचे आभार आहेत. बॅबिलोनीखेरीज दुसरा एक तालमूद आहे, यरुशलेमी, त्यात एक प्रसंग आहे. एक रब्बी कैसरिया या शहराला गेले, तिथले लोक ग्रीकमध्ये शेमा म्हणत होते. यांना ते सहन होईना, थांबवायला निघाले. रब्बी योसे संतापले, "ज्याला हिब्रू वाचता येत नाही त्यानं मुळीच म्हणू नये का? त्यानं जी भाषा येते तिच्यात म्हणावं." ग्रीकला चालतं तर मराठीला का नाही?

आमच्या पूर्वजांनी ते करूनच दाखवलं होतं. 1832 मध्ये जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. त्यांचा हेतू ख्रिस्ती धर्मप्रसाराचा होता. आमच्या लोकांनी व्याकरण घेतलं आणि धर्म आपलाच ठेवला. 1846 ला मुंबईत मराठी हग्गादा छापली गेली, म्हणजे वल्हांडण या आमच्या सणाच्या रात्री घरात वाचायची पोथी. 1874 ला पुण्यात निघालेल्या हग्गादेत चित्रं आहेत, लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकरी करताहेत. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थना मराठीत आणल्या, आणि तेच मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षकही होते. हे नाव आपल्या मराठी वाङ्मयाच्या इतिहासात फारसं घेतलं जात नाही. घेतलं जावं असं मला मनापासून वाटतं.

प्रार्थनेचं शिक्षण हा वेगळा भाग आहे, त्याबद्दल थोडंच सांगते. आम्ही आळीपाळीनं सकाळची प्रार्थना चालवतो आणि नंतर शिक्षक चुका सांगतात. शेमामध्ये 'बेखोल लेवावेखा' असं येतं, पूर्ण मनानं. पहिला शब्द ल वर संपतो, दुसरा ल नं सुरू होतो. दोन ल एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत, मध्ये श्वासाएवढी फट ठेवायची, हा तालमुदातला नियम आहे. माझी ती फट कितीतरी वेळा बुजली. मुख्य प्रार्थना मात्र ओठांतल्या ओठांत, आणि तिचे नियम घेतलेत बायबलमधल्या हन्नाकडून. मूल होत नाही म्हणून मंदिरात रडणारी बाई. तिचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता, आणि पुजाऱ्याला वाटलं ही प्यायलेली आहे. त्या बाईकडे बघून विद्वानांनी प्रार्थना कशी करावी हे ठरवलं.

आता तेरावं पान वाचलं त्या दिवसाचं राहिलेलं सांगते. मी उत्साहानं जोडीदाराला म्हटलं, "बघ, माझी आजी विद्वानांच्या बाजूची होती." तिनं नेहमीप्रमाणे मान हलवली. "नाही. समजणाऱ्या भाषेतच म्हणायचं, तर मराठी पुरे होतं. जी ओळ तिला समजत नव्हती ती हिब्रूत आधी का म्हणायची?"

मला उत्तर सुचेना. जेवणाची वेळ झाली तरी आम्ही उठलो नाही. नंतरच्या काळातले पंडित म्हणतात, की दुसऱ्या भाषेत चालतं खरं, पण शेमातले काही शब्द असे आहेत की त्यांचं नेमकं भाषांतर आज कुणालाच करता येत नाही, म्हणून मूळ सोडू नये. आजीनं मूळ सोडलं नव्हतं. तिच्या आजीनं, त्याआधीच्या आजीनंही सोडलं नव्हतं. जशी आहेत तशी असोत. म्हणजे ती रब्बींच्याही बाजूची होती.

"आता पान उलट," जोडीदार म्हणाली. तेराव्या पानाच्या मागच्या बाजूला शिष्य आपल्या गुरूबद्दल बोलताहेत. रब्बी येहूदा हनासी दिवसभर शिकवायचे, मग शेमा कधी म्हणायचे, ते आम्हाला दिसत कसं नाही? त्यावर उत्तर मिळतं, ते चेहऱ्यावरून हात फिरवून डोळे झाकायचे ना, तेव्हाच.

मी ती ओळ मोठ्यानं वाचली, आणि मग उजवा हात डोळ्यांवर ठेवून जोडीदाराला आजीचा शेमा म्हणून दाखवला, आधी हिब्रूत, मग मराठीत.