चकवा आणि ग्राफ पेपर

आपल्याकडे गावोगावी चकव्याच्या गोष्टी सांगतात. पायवाट ओळखीची असते, बांध रोजचा असतो, आणि तरी माणूस रात्रभर चालून पुन्हा त्याच बाभळीखाली येऊन उभा राहतो. आज ज्या खेळांबद्दल बोलायला मी उभा आहे, त्यांच्यासाठी मला याहून नेमका शब्द सापडलेला नाही. हे चकवेच आहेत. फरक इतकाच, की ते कुणीतरी बसून, एकेक घर मोजून रचलेले आहेत.

इंग्रजीत या प्रकाराला डंजन क्रॉलर म्हणतात. जमिनीखाली भुयारांचं जाळं असतं, आपण चार-सहा जणांची तुकडी घेऊन त्यात उतरतो, एकेक मजला खाली जातो आणि जमलं तर परत वर येतो. गोष्ट एवढीच. मला यातल्या एका खेळाबद्दल सविस्तर बोलायचं आहे, बाकीचे ओघात येतील.

1981 साली अमेरिकेत विझर्ड्री नावाचा खेळ अ‍ॅपल टू या संगणकासाठी आला. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड हे त्याचे कर्ते, दोघेही कॉर्नेल विद्यापीठातले. खेळातल्या खलनायकाचं नाव वेर्दना आणि वेड्या राजाचं नाव ट्रेबोर. दोन्ही नावं रोमन लिपीत उलटी वाचली की अँड्र्यू आणि रॉबर्ट सापडतात.

हे दोघं रिकाम्या हातानं आले नव्हते. इलिनॉय विद्यापीठात उभ्या राहिलेल्या प्लेटो या शैक्षणिक संगणकजाळ्यावर 1975 पासून भुयारांचे खेळ लिहिले जात होते. त्यातल्या एका फार जुन्या खेळाचं नाव होतं ‘पेडिट-फाइव्ह’. हे नाव खेळाचं वाटत नाही, कारण ते एका अभ्यासगटाला दिलेल्या फाइलचं नाव होतं. ती फाइल रिकामी पडली होती, तीत एकानं खेळ लिहिला. व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की ते तो पुसून टाकत. धड्यांच्या यंत्रावर लपूनछपून वाढलेली ही कला आहे, आणि मला त्याबद्दल फार माया वाटते.

आता विझर्ड्रीकडे. भुयाराचे मजले 10. प्रत्येक मजला 20 बाय 20 घरांचा, बुद्धिबळाच्या पटावर असतात तशी घरं. म्हणजे मजल्यावर 400 घरं आणि सगळी मिळून 4000. पडद्याच्या एका कोपऱ्यात पांढऱ्या रेषांनी काढलेला बोळ दिसतो. एक कळ दाबली की एक घर पुढे, दुसरी दाबली की काटकोनात वळायचं. नकाशा नाही. पडद्यावर कुठेच, कधीच नाही. तो तुम्ही काढायचा, कागदावर.

मी हा खेळ पहिल्यांदा पाहिला तो नव्वदच्या दशकात, मामाच्या घरी. त्यांच्या ऑफिसातून निघालेला जुना पीसी होता, हिरव्या अक्षरांचा. खेळ एका फ्लॉपीवर मावलेला, आणि सोबत माहितीपुस्तिकेची झेरॉक्स, कडा कापल्या गेलेली. ती पुस्तिका नसती तर खेळता आलंच नसतं, कारण मंत्र टाइप करावे लागत. हालितो म्हणजे छोटी आग. कातिनो म्हणजे समोरच्यांना झोप. दिओस म्हणजे जखम भरणं. तिल्तोवेत म्हणजे असा स्फोट, की समोर कुणी उरायचं नाही. एक अक्षर चुकलं की मंत्र चालत नसे. पाढे पाठ होते तसे ते मला पाठ झाले आणि अजून आहेत.

तुकडी सहा जणांची. पुढच्या रांगेत तिघं लढणारे, मागे पुजारी, मांत्रिक आणि चोर. मी पुढच्या तिघांना बाजी, तानाजी आणि मुरारबाजी अशी नावं दिली होती आणि चोराला बहिर्जी. चोराचं खरं काम पेटाऱ्यांवरचे सापळे ओळखणं. कधी विषारी सुई, कधी वायूचा बाँब, कधी असा सापळा की सगळे अचानक भलत्याच ठिकाणी. बहिर्जीनं ओळखायचं आणि मग काढायचं, आणि दोन्हींत चूक होऊ शकते.

चकवा कसा लागतो ते सांगतो. काही घरांवर पाय ठेवला की तुमचं तोंड गुपचूप दुसऱ्या दिशेला वळतं. पडद्यावर सूचना येत नाही. बोळ तसाच दिसतो, तुम्ही पुढे जाता, आणि कागदावर काढलेली उत्तर दिशा खरी उत्तर राहिलेली नसते. काही घरं तुम्हाला उचलून दुसरीकडे ठेवतात, तेही न बोलता. काही भाग पूर्ण अंधाराचे, तिथं भिंतीच दिसत नाहीत. पुढे सरकायचं, आपटलं तर तिथं भिंत आहे अशी नोंद करायची. आणि काही मजल्यांना कडाच नाही, पूर्वेकडून बाहेर पडलात की पश्चिमेकडून आत येता. अकरावीतल्या मुलानं हे स्वतःहून शोधून काढणं म्हणजे काय, ते मी कसं सांगू? दोन संध्याकाळी एकच बोळ काढत होतो. तो संपत नव्हता. तिसऱ्या संध्याकाळी मी मुद्दाम एका घरात एका दाराजवळ थांबलो, तिथून सरळ चालत राहिलो, पावलं मोजली. विसावं पाऊल टाकलं आणि पुन्हा त्याच घरात उभा होतो. तेव्हा जो आनंद झाला, तो मला पुढे गणितातही क्वचित झाला.

मदतीला एक मंत्र आहे, दुमापिक. तो म्हटला की वर गावात जाणाऱ्या जिन्यापासून तुम्ही किती घरं पूर्वेला, किती उत्तरेला, किती खाली आहात आणि तोंड कुठे आहे, हे कळतं. पण दुमापिक पहिल्या पायरीचा मंत्र, आणि पहिल्या पायरीचे मंत्र एका फेरीत मोजकेच वेळा म्हणता येतात. त्याच मोजक्यातून कातिनोही म्हणायचा असतो, जो जीव वाचवतो. म्हणजे आपण कुठे आहोत हे विचारायचं की पुढच्या लढाईसाठी मंत्र राखायचा? नकाशा चोख असेल तर हा प्रश्न पडतच नाही. चांगली रेघ ओढण्याचं बक्षीस खेळ असं देतो, आणि मला ही रचना अतिशय सुंदर वाटते.

या खेळाचं खरं मोठेपण मात्र मला मरणाच्या हिशेबात दिसतं. तुकडी भुयारात मेली की खेळ संपत नाही. प्रेतं जिथं पडली तिथंच राहतात, त्याच मजल्यावर, त्याच घरात. आणि हे लगेच फ्लॉपीवर लिहिलं जातं, मागे जाऊन पुन्हा सुरुवात करायची सोय नाही. मग वरच्या गावात नवी माणसं भरती करायची, त्यांना तयार करायचं, आणि जुन्यांना आणायला पाठवायचं. तुकडीत जागा सहाच. सहा जणांना एकदम आणायचं तर सुटका करणारे सहा जाऊ शकत नाहीत. तिघं गेले तर तिघं आणता येतात, म्हणजे दोन फेऱ्या.

माझी तुकडी चौथ्या मजल्यावर मेली. मी कागदावर त्या घरात पेन्सिलीनं फुली मारली. पुढचे तीन आठवडे मी खेळलो ते त्या फुलीपर्यंत पोचण्यासाठी. नकाशा नसता तर ते सहाही जण 400 घरांत कुठेतरी कायमचे पडून राहिले असते. माझ्या नव्या तिघांना मी हाताला धरून नेल्यासारखं त्या रेषांवरून नेलं: इथून डावीकडे, हे घर टाळा, इथं दार आहे. पोचलो. बहिर्जी, तानाजी आणि पुजारी पहिल्या फेरीत वर आले.

वर देऊळ आहे, तिथं पैसे भरले की जिवंत करतात. पडद्यावर मंत्रोच्चाराचे चार शब्द एकामागून एक उमटतात आणि मग निकाल. तो दरवेळी चांगला नसतो. दुसऱ्या फेरीत आणलेला बाजी राख झाला. राखेवरूनही प्रयत्न करता येतो, पैसे जास्त. मी होतं नव्हतं ते सगळं भरलं. तोही फसला आणि बाजीचं नाव यादीतून गेलं. मी संगणक बंद केला आणि गच्चीत जाऊन बसलो. मामी विचारत होत्या काय झालं, मला सांगता येईना.

आज लोक विचारतात, एवढ्या ओबडधोबड चित्रांचा खेळ अजून का आवडतो? माझं उत्तर त्या फुलीत आहे. ज्या जागेचा नकाशा तुम्ही स्वतः काढला आहे आणि जिथं तुमचं काही हरवलं आहे, ती जागा तुमची होते. रेषा पांढऱ्या होत्या की रंगीत, यानं फारसं बिघडत नाही.

इतर खेळांनी हेच काम वेगवेगळ्या वाटांनी केलं. 1980 च्या सुमारास कॅलिफोर्नियात मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी ‘रोग’ (इंग्रजीत Rogue, म्हणजे लबाड) नावाचा खेळ लिहिला, पुढे केन अरनॉल्ड त्यात आले. तिथं भुयार दर खेळाला नवं तयार होतं, म्हणून कागदाचा उपयोग नाही. औषधांचे रंगसुद्धा दरवेळी बदलतात. मागच्या खेळात निळ्यानं बरं वाटलं म्हणून या खेळात निळं पिऊ नये. माणूस मेला की सगळं गेलं, उरतं ते फक्त तुम्ही शिकलेलं. हा खेळ बर्कले विद्यापीठाच्या युनिक्स या संगणकप्रणालीबरोबर विद्यापीठांत पसरला आणि आज अशा धाटणीच्या खेळांसाठी ‘रोगलाइक’ हा शब्द त्याच्या नावानं चालतो. मला त्याचा आदर आहे, पण माया विझर्ड्रीवर. रोगमध्ये परत जाऊन कुणाला आणता येत नाही.

1987 चा डंजन मास्टर मात्र मी दोघांच्या तोडीचा मानतो. एफटीएल या कंपनीनं तो अटारी एसटी या संगणकासाठी केला. घरं तीच, काटकोनी वळणं तीच, पण वेळ थांबत नाही. तुम्ही विचार करत उभे राहिलात तरी मशाल विझत जाते, भूक लागते, आणि भिंतीपलीकडे काहीतरी चालल्याचा आवाज येतो. सुरुवातीला आरशांच्या दालनात 24 वीर असतात, त्यांतले चार निवडायचे. मंत्र खुणा जुळवून करायचे: आधी जोर किती ते, मग कशाचा. वस्तूंना वजन आहे, जागा आहे. जमिनीवरच्या कळीवर दगड ठेवला की दार उघडं राहतं. राक्षस दाराखाली आला की दार त्याच्यावर पाडायचं. ही युक्ती मला कुणी सांगितली नव्हती. एकदा घाबरून बटण दाबलं, दार त्याच्या डोक्यावर आदळलं, वर गेलं, पुन्हा आदळलं. जग खरं असल्यासारखं वागतं हे त्या क्षणी कळलं.

1992 मध्ये अल्टिमा अंडरवर्ल्ड आला आणि घरांची चौकटच मोडली. उतार, पाणी, वर-खाली बघणं, पोहणं, सगळं आलं. नकाशा आता खेळच काढायचा, पण त्यावर आपल्या हातानं टिपणं लिहिता येत होती, आणि मी तिथंही पानं भरून लिहिलं. मग डायब्लो आला, 16 मजल्यांचा, वेगवान, देखणा. ट्रिस्ट्रम गावातली ती गिटार ऐकली की आजही मन हळवं होतं. पण डायब्लोचे मजले मला आठवत नाहीत. नवनवे तयार होणारे, झपाट्यानं पार केलेले, ते आठवणार तरी कसे?

नकाशाची ओढ पुढच्यांनाही लागली, याचा मला खूप आनंद आहे. जपानमध्ये विझर्ड्रीवर इतकं प्रेम झालं, की ड्रॅगन क्वेस्ट या खेळाचे कर्ते युजी होरी यांनी त्याचं ऋण उघड मान्य केलं आहे. 2007 मध्ये तिथंच एट्रियन ओडिसी आला. त्यात निन्टेन्डो डीएस या हातात मावणाऱ्या, दोन पडद्यांच्या यंत्राच्या खालच्या पडद्यावर खेळणाऱ्यानं स्वतः नकाशा काढायचा. 2012 मध्ये फिनलंडच्या एका छोट्या चमूनं लेजंड ऑफ ग्रिमरॉक केला आणि त्यात आपोआप निघणारा नकाशा बंद करून खेळायची वेगळी पद्धत मुद्दाम ठेवली. ती निवडणारे पुन्हा कागद घेऊन बसले.

मी आज ग्राफ पेपरचा एक गठ्ठा आणला आहे, बाहेर टेबलावर ठेवला आहे. ज्यांना हवा त्यांनी एकेक कागद घ्या. 20 बाय 20 चा चौकोन आखा. सुरुवात मधोमध करू नका. पहिलं घर खालच्या डाव्या कोपऱ्यात मांडा, पूर्व शून्य, उत्तर शून्य. तिथं जिना लिहा. तुमचं तोंड उत्तरेला आहे. रेघा पेन्सिलीनंच ओढा, खोडरबर लागणार आहे.