आबांची मूठ

मंडळी, आमच्या आबांबद्दल बोला म्हणून वाचनालयाने बोलावलं, तेव्हा मी विचारलं, नक्की कुणाबद्दल बोलू? शिरोलीच्या एका फाउंड्रीत तीस वर्षं साचे भरणाऱ्या मोल्डरबद्दल, पंचगंगेकाठी दीड एकर ऊस करणाऱ्या शेतकऱ्याबद्दल, की आम्हा नातवंडांच्या आबांबद्दल? कार्यवाह म्हणाले, ‘अर्धा तास आहे, बसवा त्यात.’ म्हणून मी फक्त त्यांच्या उजव्या मुठीबद्दल बोलणार आहे.

बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, ओतकाम वाळूच्या साच्यात होतं, हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. पण साच्याची वाळू म्हणजे नदीतली नुसती वाळू नव्हे. तिच्यात बेंटोनाइटची चिकट माती, थोडी कोळशाची पूड आणि शेकडा 3-4 भाग पाणी असतं. पाणी जास्त झालं तर 1300 अंशांच्या वर तापलेला रस आत पडताच वाफ कोंडते आणि कास्टिंगला भोकं पडतात. कमी झालं तर साच्याची कड ढासळते, वाळू बिडात जाते. आबा मूठभर वाळू आवळायचे, बोटांचे ठसे नीट उठलेत का बघायचे आणि गोळा मधोमध मोडायचे. कड धारदार राहिली की म्हणायचे, ‘भरा.’

पहिली पाळी संपवून दुपारी शेतात गेले की पुन्हा तीच मूठ. तिथं वाफसा, म्हणजे रानात औत घालण्याजोगी ओल, बघायचा. काळ्या रानाची माती आवळायची आणि गोळा कमरेइतक्या उंचीवरून सोडायचा. पडून पचका झाला तर औत घालायचं नाही. फुटून भुगा झाला तर बैल जुंपायचे. फाउंड्रीत गोळ्याने कड धरायची, शेतात ती सोडायची. मूठ तीच, मागणी उलटी!

गुऱ्हाळावर मात्र आबा मागे उभे राहायचे. काहिलीतला पाक गार पाण्यात सोडून गुळव्या, म्हणजे गूळ करणारा, बोटांत गोळी करून बघतो, ते तासन् तास बघत. आम्ही म्हणायचो, ‘आबा, तुम्ही बघा की हात घालून.’ ते म्हणायचे, ‘त्यो त्याचा धंदा हाय.’

एकदा फाउंड्रीत बिडाचा रस उडून त्यांच्या पायाची दोन बोटं भाजली. मालकाने पंधरा दिवस बिनपगारी घरी बसवलं. आजी त्या मालकाला शेवटपर्यंत शिव्या देत राहिली. आबा त्यावर कधी बोलले नाहीत, आणि मला ते आजही पटत नाही.

पुढं कोळशावरची क्युपोला भट्टी गेली, विजेची फर्नेस आली, वाळू तपासायला वेगळी खोली झाली, तिथं ओल मोजायचा मीटर आला. अशा ठिकाणी म्हाताऱ्याची मूठ यंत्राला हरवते, अशी गोष्ट सांगायची पद्धत आहे. तसं झालं नाही. भाजून भाजून हाताला घट्टे पडले होते. दोनदा मूठ चुकली, मीटर बरोबर निघाला. हे मला त्यांनीच सांगितलं. त्यानंतर ते आधी वाळू आवळून आकडा सांगायचे आणि मग मीटर बघायला जायचे, निकाल बघायला जाणाऱ्या पोरासारखे.

ऑगस्ट 2019 चा पूर तुम्हाला आठवत असेल. शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली होता. आबा तेव्हा निवृत्त होते. ऊस कुजला, रानात वीतभर गाळ बसला. शेजाऱ्याने घाईने ट्रॅक्टर घातला आणि विटांएवढी ढेकळं काढली. आबा रोज सकाळी बांधावर जाऊन मूठ आवळायचे आणि हात झटकून घरी यायचे. वडील चिडायचे. दिवाळी तोंडावर आली तेव्हा एकदाचा गोळा फुटला.

दिवाळीवरून आठवलं. मी दुसरीत असताना आबांनी किल्ल्यासाठी पिशवीभर साच्याची वाळू आणली होती. काय किल्ला झाला! बुरुज कापल्यासारखे, तटाला एक भेग नाही. गल्लीतली पोरं बघायला यायची. मी उतारावर हळीव पेरले, रोज पाणी शिंपडलं. एक कोंब येईना. मी रडायला लागलो तसे आबा हसायला लागले. ‘अरं, ही बिडाची माती, हिच्यात काय उगवतंय!’

पुढच्या वर्षी त्यांनी दोन पिशव्या आणल्या. तट फाउंड्रीच्या वाळूचा केला आणि उतारावर रानातली माती पसरली. पसरायच्या आधी ती माझ्या मुठीत दिली आणि म्हणाले, ‘आवळ.’